बोटं सोलून घेणं म्हणजे रियाज नव्हे

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी एक पोरगा माझ्याकडे आला. शिरवळच्या एका प्रेस शॉपमध्ये ॲप्रेंटिस आहे. स्टायपेंडमधून साठवलेले बारा हजार रुपये खिशात, आणि मोबाईलवर पन्नास वेळा बघितलेला एका काळ्या इलेक्ट्रिक गिटारचा फोटो.

"दादा, घ्यायची तर हीच घ्यायचीय. पण सगळे म्हणतात, आधी वर्षभर अकॉस्टिकवर बोटं सोलून घे, मग इलेक्ट्रिकचं बघू. खरंय का?"

मी म्हणालो, "खोटंय."

तो गप्प बसला. इतकं छोटं उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. हा लेख त्या उत्तराचं स्पष्टीकरण आहे. गिटार शिकणाऱ्या प्रत्येक नवख्याला आपल्याकडे हाच सल्ला मिळतो. दुकानदार देतो, क्लासवाले देतात, कॉलेजातला सिनियर देतो, यूट्यूबवरचा भाऊ देतो. सल्ला जुना आहे आणि देणाऱ्याला शहाणं वाटायला लावणारा आहे. त्यापायी किती पोरांनी वाद्य खिळ्याला टांगलं, ते कुणी मोजत नाही.

आधी माझी लायकी सांगतो. मी संगीतकार नाही. मेंटेनन्स फिटर आहे. आमचं सारोळे पुणे-सातारा हायवेवर, नीरा नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की शिरवळ, तिथे जिल्हा बदलतो. आम्ही झोपतो पुणे जिल्ह्यात आणि राबतो सातारा जिल्ह्यात. रविवारी चार-पाच पोरं माझ्या पडवीत गिटार घेऊन बसतात. फी नाही. म्हणून मला कुठला कोर्सही विकायचा नाही.

साडेचार मिलिमीटर

दहावीला बरे मार्क पडले म्हणून वडिलांनी मला पुण्याहून एक अकॉस्टिक आणून दिली. स्वस्तातली. आठवड्यातून एकदा एसटीने क्लासला जायचो. पहिल्या महिन्यात बोटांची टोकं फुगली, दुसऱ्या महिन्यात सोलली. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, दुखणारच, दुखत नसेल तर तू शिकतच नाहीयेस. मला ते पटलं. आपल्याकडे त्रास झाल्याशिवाय विद्या येत नाही, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं.

मग 'एफ' कॉर्ड आली. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं. ज्यांनी गिटार सोडली त्यातल्या निम्म्यांनी बहुधा या एकाच कॉर्डपाशी सोडली असेल. माझ्या सहापैकी दोन तारा वाजायच्या, चार ठसठसायच्या. आठ महिने झगडलो. मग आयटीआय सुरू झालं, गिटार खिळ्याला लागली. घरी कुणी पाहुणा आला की आई सांगायची, "याला नाद होता, पण जमलं नाही." ती वाईट हेतूने म्हणायची नाही. मीही तेच मानत होतो.

अकरा वर्षांनी, दिवाळीच्या साफसफाईत आई म्हणाली, "ही कुणाला देऊन टाकू का?" मी गिटार खाली काढली. कामावर रोज डायमधली गॅप तपासणारा माणूस मी, सवयीने नजर तारेखालच्या गॅपवर गेली. स्टीलची पट्टी आणून बाराव्या फ्रेटवर तार आणि पट्टी यांच्यातलं अंतर मोजलं. साडेचार मिलिमीटर.

त्या अंतराला 'ॲक्शन' म्हणतात. नीट लावलेल्या अकॉस्टिकवर ते दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं, इलेक्ट्रिकवर दीड ते दोन. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोराच्या बोटाला प्रत्येक सुरासाठी दुप्पट अंतर दाबावं लागत होतं. उपाय काय होता? ब्रिजवरची छोटी पांढरी पट्टी काढायची, खालून सँडपेपरवर घासायची, परत बसवायची. अर्ध्या तासाचं काम. आठ महिन्यांत ते कुणी केलं नाही, कारण ती गिटार कुणी मोजलीच नाही. सगळे माझी जिद्द मोजत होते.

अकरा वर्षं मी कच्चा नव्हतो. माझी गिटार कच्ची होती.

आकडे खोटं बोलत नाहीत

आता कुणी म्हणेल, मग चांगली लावलेली अकॉस्टिक द्या, इलेक्ट्रिकच कशाला? ठीक आहे, सेटअप दोन्हीचा उत्तम आहे असं धरून चालू.

अकॉस्टिकच्या नेहमीच्या सेटमध्ये सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची आणि जाड ०.०५३ इंचाची असते. इलेक्ट्रिकचा हलका सेट ०.००९ पासून ०.०४२ पर्यंत. हजारात मोजायचे फरक, ऐकायला किरकोळ. पण सुरात लावल्यावर अकॉस्टिकच्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या घरात जातो, तर इलेक्ट्रिकच्या या हलक्या सेटचा चाळिसाच्या आतबाहेर राहतो. जवळजवळ निम्मा.

असं का, तर अकॉस्टिकला आवाज स्वतःच्या पोकळ पेटीतून काढायचा असतो. पातळ लाकूड थरथरवायला तार जड लागते. इलेक्ट्रिकला तो भार नाही. तिच्या तारेखाली लोहचुंबक असतं, त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. स्टीलची तार हलली की त्या वेढ्यांत बारीकसा करंट तयार होतो. बाकीचं काम ॲम्पचं. हाताने जोर लावायचा तो विजेने लावला, एवढीच गोष्ट.

आणखी एक फरक क्वचितच कुणी सांगतं. अकॉस्टिकच्या तिसऱ्या तारेवर बहुधा धातूची गुंडाळी असते, इलेक्ट्रिकची तिसरी तार साधी असते. म्हणून इलेक्ट्रिकवर ती बोटाने आडवी ओढून सूर एक पूर्ण पायरी वर नेता येतो. इंग्रजीत त्याला बेंड म्हणतात. आपल्याकडे सतारिये तार ओढतात तेव्हा आपण त्याला मींड म्हणतो. भजन, गवळण, लावणी ऐकत वाढलेल्या कानाला सुरावरून सुरावर घसरणं हवं असतं. अकॉस्टिकवर पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला काय येतं? चार कॉर्ड आणि खालीवर झाडू मारल्यासारखा हात. मग आपणच म्हणतो की पोराला गोडी लागली नाही.

फेंडर कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी मुलाखतींमधून सांगितलं होतं, की गिटार घेणाऱ्या नवख्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक पहिल्या वर्षभरातच ती सोडून देतात. गिटार विकणाऱ्याच कंपनीच्या तोंडची ही कबुली आहे. शंभरातली नव्वद माणसं एकदम आळशी निघत नसतात. एखाद्या मशिनवर दर शंभर नगांत नव्वद रिजेक्ट निघाले, तर आमच्याकडे ऑपरेटरला शिव्या घालत नाहीत. मशीन थांबवून सेटिंग बघतात.

'आधी सोस, मग मिळेल'

तरीही हा सल्ला टिकून आहे, कारण तो गिटारबद्दलचा नाहीच. सोसण्याबद्दलचा आहे. मी सोसलं, आता तू सोस. याला आपण रियाज असं भारदस्त नाव देतो आणि त्या शब्दाचा अपमान करतो.

रियाज म्हणजे लक्ष देऊन पुन्हा पुन्हा करणं. चुकतंय कुठे हे ऐकू येईल इतक्या हळू करणं. त्यात कंटाळा येतो, कधी रडू येतं, ते सगळं मान्य. पण वाद्याने मुद्दाम अडवणं त्यात बसत नाही. गाणं शिकायला आलेल्या मुलीला गुरू तिच्या पट्टीत तंबोरा लावून देतो, स्वतःच्या पट्टीत ओरडायला लावत नाही. तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी पोराची जोड मोठ्या मल्लाशी लावत नाही. भोर-वेल्ह्याच्या तालमींतून गेलेल्या कुणालाही विचारा. मेहनत हळूहळू चढवत नेतात, कारण वस्तादाला पोरगं उद्याही यायला हवं असतं.

बोटं इलेक्ट्रिकवरही दुखतात. पहिले दोन-तीन आठवडे टोकं हुळहुळतात, मग कातडी घट्ट होते. यातून कुणाची सुटका नाही आणि मी तशी लालूच दाखवत नाही. मुद्दा इतकाच, की दुखणं हा शिकण्याचा खर्च आहे. तो जितका कमी तितका बरा. त्याला कुणी प्रमाणपत्र समजू नये.

यावर एक ठेवणीतला युक्तिवाद येतो : "अकॉस्टिकवर हात बसला की इलेक्ट्रिक लोण्यासारखी वाटते." वाटते ना. पण इलेक्ट्रिकचं स्वतःचं एक कसब असतं, ते अकॉस्टिकवर शिकताच येत नाही. वाजत नसलेल्या पाच तारा गप्प ठेवणं. ॲम्प लावला की प्रत्येक चुकार तार, प्रत्येक हाताची घसर मोठी होऊन बाहेर येते. दोन्ही हातांनी शांतता राखणं, हा इलेक्ट्रिकचा अर्धा अभ्यास. अकॉस्टिकवर दोन वर्षं काढून आलेली पोरं माझ्याकडे आली की त्यांना हे नव्याने शिकावं लागतं. मग ती दोन वर्षं नक्की कशाची पूर्वतयारी होती?

'आपलं वाद्य नाही'

दुसरा आक्षेप गावातून येतो, विशेषतः मोठ्यांकडून. हे इंग्रजी खूळ, आपल्याकडे पेटी आहे, ती शीक.

पेटी! फ्रान्समध्ये जन्मलेलं, मिशनऱ्यांच्या सामानातून इकडे आलेलं हे वाद्य. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती, कारण तिच्यावर मींड निघत नाही, ती भारतीय संगीताला शोभत नाही असं जाणकारांचं म्हणणं होतं. बंदी उठायला १९७१ उजाडलं. तेवढ्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी रेडिओला विचारलं नाही. ते पेटीवर अभंग म्हणत राहिले. आज पेटीशिवाय हरिनाम सप्ताहाची कल्पना करून बघा.

आणि इलेक्ट्रिक तंतुवाद्य तर आपल्या गावांत कधीच पोचलंय. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर वाजणारा बँजो म्हणजे दुसरं काय? टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, उजव्या हातात पिक, आणि पिकअपमधून निघून थेट भोंग्यात जाणारा आवाज. त्याचं मूळ जपानमधलं. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचा हा भारतीय अवतार. जपानी वाद्य, वीज जोडलेली, वाजवणारे आपले, आणि नाचणारेही आपलेच. रवी जाधव यांचा 'बँजो' सिनेमा २०१६ला आला, तेव्हा शहरातल्या अनेकांना कळलं की असं काही असतं.

बँजो शिकणाऱ्या पोराला आजवर कुणी सांगितलंय का, की आधी वर्षभर बिनविजेचा बँजो वाजव? नाही. तो पहिल्या दिवसापासून पार्टीत बसतो. आधी झांज, मग खुळखुळा, मग उस्ताद नसताना चार ओळी. वर्षभरात वरातीला तयार. आपल्या डोळ्यांसमोर नवख्याला शिकवायची इतकी चांगली पद्धत चालू आहे, आणि गिटारच्या बाबतीत आपण शहरातल्या क्लासचा छापील कोर्स डोक्यावर घेतो.

राहिला शहराचा प्रश्न. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन उभा राहिला, पुढे त्याचं नाव इंडस क्रीड झालं. त्यात गिटार वाजवणारे महेश तिनईकर आणि जयेश गांधी होते. पुण्यात २०१० पासून एनएच७ वीकेंडर भरायला लागला. नावात हायवे असलेला महोत्सव आमच्या हायवेपासून तासाभरावर, पण आमच्या पोरांच्या गावीही नव्हता. इलेक्ट्रिक गिटार ही इंग्रजी बोलणाऱ्यांची वस्तू, असा एक न लिहिलेला नियम आहे. 'आधी अकॉस्टिक घे' या सल्ल्यात मला त्या नियमाचा वास येतो. गावातल्या पोराला सांगितलं जातं, तू आधी लायकी सिद्ध कर.

प्रेस शॉपमधला पोरगा

खरं तर ही वस्तू कारखान्यातलीच आहे. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने जी सपाट, भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तिची मान चार स्क्रूंनी अंगाला जोडली होती. बिघडली तर खोला, बदला, परत आवळा. आमच्या पोरांच्या हातात आयटीआयपासून ॲलन की आणि स्क्रू ड्रायव्हर आहे. पुण्यातला क्लासवाला विद्यार्थी जे काम दुकानात पैसे देऊन करून घेतो, ते काम हा पोरगा लंच ब्रेकमध्ये करू शकतो. त्याला कुणी सांगतच नाही, की हे तुझ्या हातचं आहे.

बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, परत जायची इच्छा नव्हती. आई म्हणाली, दिवस पुरा कर. गेला, आणि प्रेसखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून हलक्या तारा लावल्या, त्यातही बँजोच्या. पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. १९७०मध्ये त्याच्या ब्लॅक सबाथ बँडचा पहिला अल्बम आला. ज्याला आज जग हेवी मेटल म्हणतं, त्या जड आवाजाची सुरुवात तिथली. सगळ्यात जड संगीत सगळ्यात हलक्या तारांतून निघालं.

तीन अर्धस्वर उतरवली की गिटारची सगळ्यात जाड तार कुठे येते माहितीये? काळी एकला. आपल्याकडे कितीतरी पुरुष गायक ज्या पट्टीत गातात, तिथे.

ही गोष्ट मी प्रेरणेसाठी सांगत नाही. आमच्या पट्ट्यात बोट गेलेली माणसं चहाच्या टपरीवर रोज भेटतात, आणि त्यातलं कुणी रॉकस्टार झालेलं नाही. मी ती सांगतो कारण आयोमीने दुखणं सहन करून दाखवलं नाही, त्याने दुखणं कमी केलं. वाद्य बदललं, तार बदलली, सूर बदलला. जो पोरगा आठ तास प्रेससमोर स्वतःची बोटं जपतो, त्याला घरी आल्यावर 'बोटं सोलून घे' असं सांगायला आपल्याला लाज वाटायला हवी.

मग करायचं काय

त्या रविवारी मी त्याला जे सांगितलं, तेच इथे देतो.

बारा हजार सगळे गिटारवर उडवू नको. साधी गिटार घे, उरलेल्यातून हेडफोन लावता येईल असा दहा-पंधरा वॉटचा ॲम्प घे. मोठा ॲम्प घरात उपयोगाचा नाही. आणि ॲम्प न लावताही इलेक्ट्रिक वाजवता येते. लाकूड भरीव असल्यामुळे आवाज जेमतेम शेजारच्या खाटेपर्यंत जातो. दोन खोल्यांत सहा माणसं झोपलेली असताना रात्री साडेबाराला वाजवता येणारं दुसरं वाद्य मला दाखवा. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक म्हणजे गोंगाट. आमच्या घरात ती सगळ्यात गरीब आवाजाची वस्तू आहे, मिक्सरपेक्षाही. लाईट गेली तरी अडत नाही.

गिटार घरी आल्यावर आधी मोज. बाराव्या फ्रेटवर तारेखाली दोन मिलिमीटरहून जास्त गॅप असेल, तर ब्रिजवरचे बारीक स्क्रू ॲलन कीने खाली घे. तार फ्रेटला घासून खरखरली तर किंचित वर. मानेत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान वाकते. ती सरळ करायची तर एका वेळी पाव फेरा, आणि मग एक दिवस थांबायचं. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पूस. नीरेकाठच्या दमट हवेत तार गंजायला वेळ लागत नाही.

प्लगचं बघ. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि 'नवख्यांसाठी दहा टिप्स'वाले ती सांगत नाहीत. गिटारच्या तारा आतून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गावात अनेक घरांत थ्री पिन सॉकेट असतो, पण अर्थची तार कुठेच गेलेली नसते. मांडवात तर विचारूच नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. टेस्टर लाव, वायरमन बोलाव, मगच ॲम्प लाव. कर्कश गुणगुण ऐकू आली तर आधी ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टरपासून लांब बसून बघ.

सूर लावताना इंग्रजी अक्षरांना घाबरू नको. भजनातल्या पेटीवाल्या काकांकडे जा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहा सूर असे : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा पांढरी तीन. काकांना एका मिनिटात कळतं. ॲपही आहे, पण ॲप कान तयार करत नाही, काका करतात.

पहिला महिना कॉर्डच्या मागे लागू नको. एका तारेवर तुला पाठ असलेली चाल शोध. आरती चालेल, सिनेमातलं गाणं चालेल. मग दोन तारांवर शोध. मग तार ओढून सूर मिळतो का बघ. रोज वीस मिनिटं, पण रोज. रविवारी चार तास बसून सहा दिवस सुट्टी, असं नको.

आणि दुसऱ्या महिन्यापासून माणसांत बस. ढोलकीवाला असेल, पेटीवाला असेल, बँजो पार्टीतलं कुणी असेल. चार सूर येत असतील तर चारच वाजव, पण तालात वाजव. खोलीत एकट्याने व्हिडिओ बघून शिकलेल्याला सगळं येतं, फक्त थांबायचं कुठे ते येत नाही.

ज्यांनी ऐकू नये

माझा अकॉस्टिकशी दावा नाही. ज्याला स्वतः गायचंय आणि गाण्यामागे कॉर्ड धरायच्यात, ज्याच्या डोक्यात तोच आवाज आहे, त्याने अकॉस्टिकच घ्यावी, सेटअप करून घ्यावी आणि आनंदात राहावं. पैसे खरंच कमी असतील तर ॲम्पचा खर्च वाचतो, हेही खरं. माझा झगडा 'आधी' या शब्दाशी आहे. अकॉस्टिक हे एक वाद्य आहे, इलेक्ट्रिक दुसरं. कुणी कुणाची पहिली इयत्ता नाही. डोक्यात जो आवाज ऐकू येतो, त्या आवाजाचं वाद्य घ्यायचं. त्या आवाजासाठीच माणूस रात्री पाळी संपवून आल्यावर झोप मोडतो. वाद्य दुसरंच दिलं, तर तो झोपेल. झोपलाच पाहिजे.

पोराने काळी गिटार घेतली. तारखाली तीन मिलिमीटर गॅप होती. माझ्या पडवीत बसून त्याने स्वतःच स्क्रू फिरवले, माझ्यापेक्षा हलक्या हाताने. प्रेसवर डाय बसवणारा हात आहे तो. आता सात महिने झालेत. 'एफ' कॉर्डमध्ये अजून एक तार ठसठसते. पण सप्ताहात एका संध्याकाळी त्याने पेटीच्या मागे, एकदम खालच्या आवाजात, एका अभंगाची चाल धरली. पखवाजवाले आजोबा मान वळवून बघायला लागले, आणि मला वाटलं आता ओरडतात. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. संपल्यावर एवढंच विचारलं, "अजून थोडा मोठा होतो का रं आवाज?"

माझी जुनी अकॉस्टिक मी कुणाला दिली नाही. ब्रिजची पट्टी घासून दोन मिलिमीटरवर आणली. आई परवा पाहुण्यांना सांगत होती, "याला नाद आहे." 'पण' लावला नाही.